प्रभूची इच्छा आणि आमची सोय

गेल्या उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवर दफनविधीस जाण्याचा प्रसंग मजवर आला. मृत स्त्रीचे वय अवघे चोवीस. पहिलेच बाळंतपण, मूल वाचले, आई रक्तस्रावाने वाटेतच गेली. पाळक मोठे सज्जन गृहस्थ होते. चाळीस मैलांवरून मोटारसायकलीने भर दुपारी आले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत खरे पाणी होते. त्यांनी थडग्यापाशी उभे राहून वीसएक मिनिटे भाषण केले. त्या वीस मिनिटांत 'ही प्रभूची इच्छा' हे शब्द त्यांनी आठनऊ वेळा तरी उच्चारले असतील. मंडळी माना डोलावीत होती. मीही डोलाविली, सवयीचा गुण. माझ्या शेजारी मृत स्त्रीची आजेसासू उभी होती. ती पदर तोंडावर धरून, कोणास ऐकू जावे म्हणून नव्हे, पण मला ऐकू आले असे पुटपुटली, "जीप पंक्चर झाली व्हती. स्टेपनी बी बसलेली. त्ये बी प्रभूनंच केलं का?"

हा लेख त्या म्हातारीच्या प्रश्नातून निघाला आहे. पाळकांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. ते बिचारे आमचीच भाषा बोलत होते. टीका करावयाची आहे ती त्या भाषेवर, आणि ती भाषा ज्यांच्या सोयीची आहे त्या आम्हां सुशिक्षितांवर.

आधी माझी ओळख करून देणे बरे. मी जन्माने ख्रिस्ती, नगरचा. (सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर असे नाव झाले आहे, परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या जिभेवरून जुने नाव एकाएकी उतरत नाही, याची क्षमा असावी.) पेशाने इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. धर्मशास्त्राची पदवी मजजवळ नाही. प्रभूची प्रार्थना मात्र बालपणापासून रोज म्हणत आलो आहे. 'देवाची इच्छा' ही काही केवळ आमच्या समाजाची मिरास नव्हे. माझे हिंदू शेजारी 'प्रारब्ध' म्हणतात, मुसलमान शेजारी 'अल्लाची मर्जी' म्हणतात, आणि ज्यांचा कशावरच विश्वास नाही ते 'नशीब' म्हणून मोकळे होतात. पण दुसऱ्याच्या घरातील केर काढण्याआधी स्वतःचे अंगण झाडावे, म्हणून मी आपल्या घरापुरतेच बोलतो. वाचकांपैकी ज्यांस आपले अंगणही ओळखीचे वाटेल त्यांनी ते खुशाल आपले समजावे.

प्रभूच्या प्रार्थनेत ईश्वराच्या इच्छेविषयी एक मागणी आहे. ती प्रत्येक ख्रिस्ती मुलास पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच तिच्या अर्थाकडे कोणी पाहत नाही. माझ्यातला मास्तर मला गप्प बसू देत नाही, म्हणून विचारतो: तेथील क्रियापद कोणते? ते आज्ञार्थी आहे, वर्तमानकाळी नव्हे. मूळ ग्रीकातही आज्ञार्थीच आहे. जी गोष्ट होतच आहे ती व्हावी अशी मागणी कोणी करीत नाही. जेवणाऱ्याच्या पुढ्यात वाढलेले ताट असता तो 'ताट येवो' असे म्हणत नाही. वर जे चालते ते येथे, या मातीवरही चालू लागावे, अशी ही मागणी आहे. तेव्हा ते येथे अद्याप चालत नाही, याची कबुली तिच्या पोटातच आहे. जगात जे जे घडते ते सर्व ईश्वराच्या इच्छेनेच घडत असेल, तर येशूने आपल्या शिष्यांस एक निरर्थक वाक्य शिकविले असे म्हणावे लागेल. मला तसे म्हणवत नाही. आमचे उपदेशक मात्र रविवारी सकाळी ती मागणी करितात आणि सोमवारी थडग्यापाशी ती पुरी झाली म्हणून सांगतात.

शुभवर्तमाने चाळून पाहावी. शेकडो आजारी, आंधळे, पांगळे, महारोगी येशूपुढे आले. त्यांपैकी एकासही त्याने 'हे दुखणे माझ्या पित्याने तुला दिले आहे, ते गोड मानून घे' असे सांगून परत लावल्याचे मला आढळले नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न लूकच्या शुभवर्तमानात स्वतः येशूनेच उपस्थित केला आणि त्याचे उत्तर 'नाही' असे ठणकावून दिले. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्याची गोष्ट माझ्याविरुद्ध पुढे केली जाईल हे मी जाणतो. त्याच्या ठायी ईश्वराची कार्ये प्रकट व्हावीत असे येशू तेथे म्हणतो खरा. पण म्हणून झाल्यावर तो काय करितो? थुंकीने चिखल कालवितो, त्या माणसाच्या डोळ्यांस लावितो आणि त्याला तळ्यावर पाठवितो. त्या माणसाच्या डोळ्यांत दृष्टी आली, हेच ते कार्य. आंधळेपणाची मीमांसा शिष्यांना हवी होती. तिच्यावर त्याने फारसा वेळ घालविला नाही. ईयोबाच्या मित्रांनीही राखेत बसलेल्या आपल्या मित्रास त्याच्या दुःखाची मोठी पद्धतशीर, मोठी धार्मिक कारणे सांगितली. आणि ग्रंथाच्या शेवटी ईश्वराचा कोप झाला तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर.

"पण गेथशेमाने?" हा खरा आक्षेप आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. तेथे येशूने आपली इच्छा बाजूस सारून पित्याची इच्छा पत्करली. होय, पत्करली. पण कोणत्या पेल्याविषयी? आपल्या. बाग उघडी होती, रात्र काळोखी होती, पळून जाणे त्याच्या हाती होते. स्वतःच्या पेल्याविषयी, पळण्याची वाट मोकळी असता, रक्ताच्या थेंबांसारखा घाम गाळून जे उद्गार त्याने काढले, ते आम्ही दुसऱ्याच्या पेल्याविषयी, सावलीत उभे राहून, घाम पुसून काढतो. पौलानेही आपल्या देहातील काट्याविषयी जे म्हटले ते आपल्या देहाविषयी. शेजाऱ्याच्या पायातील काटा पाहून 'असू दे, कृपा पुरेशी आहे' असे तो म्हणाला असता, तर त्याची पत्रे आज कोणी वाचली नसती.

आता नगरच्या मंडळीकडे वळतो. कारण हे वाक्य इतरांच्या तोंडी शोभत असले तरी आमच्या तोंडी मुळीच शोभत नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाणे केले. १८४२ साली येथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला. पुढल्या काळात जिल्ह्यातील खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांतील बहुसंख्य महार व मांग या जातींचे होते. गावकुसाबाहेर राहणे, मेलेली ढोरे ओढणे, विहिरीपासून दूर उभे राहून कोणी पाणी वाढील म्हणून वाट पाहणे, हे सर्व आमच्या पूर्वजांस कोणत्या शब्दांत समजावून दिले जात होते? 'देवानेच तसे नेमून दिले आहे' याच शब्दांत. ईश्वराची इच्छा या नावाखाली जेवढा अन्याय आमच्या घराण्यांनी सोसला तेवढा क्वचितच कोणी सोसला असेल. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ होऊन मिशनच्या आश्रयास आले. आम्हांस कोणी 'दुष्काळाचे ख्रिस्ती' म्हणून हिणवीत. मला त्या नावाची लाज कधीच वाटली नाही. त्या उपाशी पोरास कोणी तरी 'ही देवाची इच्छा' असे न म्हणता भाकरी दिली, म्हणून हा लेख लिहावयास मी आहे. त्याच पोराच्या पणतवाने आज दुसऱ्याच्या थडग्यापाशी मान डोलवावी, यापरती कृतघ्नता कोणती?

दुष्काळाचे नाव निघालेच आहे म्हणून एक गोष्ट जाता जाता. पाऊस देवाच्या हाती, हे आमच्याकडील शेतकऱ्याचे नेहमीचे वाक्य. आणि सह्याद्रीच्या आडोशास पडलेल्या या जिल्ह्यात ते खोटे म्हणवत नाही. परंतु पाट कोणाच्या हाती? भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या काठी ऊस उभा राहिला. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास माणसे टँकरची वाट पाहतात, आणि कोयते घेऊन परमुलखात ऊस तोडावयास जातात. आकाश दोन्हीकडे तेच आहे.

आता ज्या उदाहरणासाठी मी लेखणी उचलली त्याकडे येतो. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. खेड्यांतील गरिबांच्या सेवेत आयुष्य घालवावयाचे, असा संकल्प त्यांनी आपल्या लग्नाच्या दिवशीच केला होता. १९६० नंतरच्या दशकात ती दोघे नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करीत होती. शस्त्रक्रिया होत, रोगी बरे होत, घरी जात, आणि काही महिन्यांनी तेच रोगी तोच आजार घेऊन परत येत. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, येणाऱ्या आजारांपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत. पाणी, अन्न, स्वच्छता आणि चार गोष्टींचे ज्ञान यांच्या अभावी माणसे मरत आहेत. दुसऱ्या एखाद्याने अशा वेळी दवाखान्यात एक खाट वाढविली असती आणि उरलेले प्रभूच्या इच्छेवर सोपविले असते. ही दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र शिकून आली, आणि १९७० साली जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जामखेडास, जेथे जाण्यास कोणी धजत नव्हते तेथे, जाऊन बसली.

तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या घरात मुले वर्षाच्या आत दगावत. गोवर आला तर देवीचा कोप, हगवण लागली तर बाहेरची बाधा, बाळंतीण गेली तर तिचे भोग. सर्व मरणांस काही ना काही दैवी कारण तयार होते. आरोळ्यांनी या समजुतींशी वाद घातला तो व्यासपीठावरून नव्हे. त्यांनी गावोगावच्या लोकांस सांगितले की, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. निवडून आलेल्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, शिकत आणि गावी जाऊन शिकवीत. मुलाचे वजन कसे करावे, हगवणीत साखर-मिठाचे पाणी कसे पाजावे, बाळंतिणीची नाळ स्वच्छ पात्याने कशी कापावी, महारोगाचा चट्टा लवकर कसा ओळखावा. यांत अद्भुत असे काय आहे? काहीच नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस हजारी पावणेदोनशेचा तो आकडा तिशीच्या आत आला होता. पावणेदोनशेमध्ये ईश्वराची इच्छा होती, की तिशीमध्ये? आमच्या उपदेशकांनी याचे उत्तर एकदा देऊन टाकावे. दोन्हींमध्ये होती असे ते म्हणत असतील, तर त्यांचा ईश्वर साखर-मिठाच्या पाण्याने मत बदलणारा आहे असे होईल.

आणखी एक हकीकत मला फार मोलाची वाटते. १९७२ च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. आरोळ्यांनी खेड्यांतून विंधणविहिरी घेण्याचे काम हाती घेतले. विहीर कोठे खणावी, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा. पण पाणी अनेक ठिकाणी लागण्यासारखे असेल तर त्यांतील कोणते ठिकाण निवडावे, हा प्रश्न त्या शास्त्राचा उरत नाही. त्यांनी पंप दलित वस्तीत बसतील अशी तजवीज केली. ज्या विहिरीवर ज्यांस शतकानुशतके पाय ठेवू दिला नव्हता, त्यांच्याच अंगणात गावाने हंडे घेऊन यावे लागले. आणि तहान लागलेला गाव आला. येथे कोणी धर्मांतर केले नाही, कोणी प्रवचन झोडले नाही. प्रभूच्या प्रार्थनेतील ती आज्ञार्थी मागणी मराठीत इतक्या शुद्धपणे अन्यत्र कोठे उच्चारली गेली असेल तर मला ठाऊक नाही. त्या दोघांस १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आमच्या मंडळ्यांतून त्यांचे सत्कार झाले असतील, फोटो लागले असतील. 'प्रभूने त्यांना विशेष पाचारण केले होते' असे म्हणून आम्ही त्यांना देव्हाऱ्यात बसविले, म्हणजे आपण मोकळे.

या 'विशेष पाचारणा'विषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. कारण सोयीचा हा दुसरा प्रकार पहिल्याहून सूक्ष्म आहे. पहिल्यात दुसऱ्याचे दुःख आपण ईश्वराच्या नावे जमा करितो. दुसऱ्यात आपला निश्चय ईश्वराच्या नावे काढून त्याचा खर्च दुसऱ्याच्या खाती मांडतो. येथे मी एका थोर नावाला हात घालणार आहे. नगरच्या कोणाही ख्रिस्ती माणसाप्रमाणे रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तो आहे म्हणूनच हे लिहितो.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गोऱ्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही कथा आमच्या उपासनालयांतून शेकडो वेळा सांगितली जाते, आणि सांगताना शेवटी हमखास म्हणतात, त्यांनी ईश्वराच्या हाकेसाठी सर्वस्वाचा त्याग केला. त्या 'सर्वस्वा'त लक्ष्मीबाई होत्या. सव्विसाव्या वर्षी, लहान मूल पदरी असता, नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. सोवळ्याच्या वेडापायी घरात कहर करणाऱ्या बापाच्या पोटी ही बाई वाढलेली. तिला ख्रिस्ती नवऱ्याची बायको होणे म्हणजे काय वाटले असेल? चार-पाच वर्षे ती नातेवाइकांच्या आश्रयाने राहिली, पंढरपुरास राहिली. टिळकांनी हाक ऐकली. पण जिला तिची किंमत मोजावी लागली तिला कोणी विचारले नव्हते.

टिळकांनी बाप्तिस्मा घ्यावयास नको होता, असे मी म्हणत नाही. सदसद्विवेकाला पटलेली गोष्ट माणसाने करावी. तिची किंमतही त्यांनी स्वतः थोडी मोजली नाही. माझा वाद आहे तो नंतरच्या कथेकऱ्यांशी. लक्ष्मीबाईंची ती वर्षे 'ईश्वरी योजनेचा भाग' होती, असे हे लोक सांगतात. म्हणजे एका बाईच्या अश्रूंचा उपयोग दुसऱ्याच्या चरित्रास शोभा आणण्यासाठी होतो. खुद्द त्या बाईने काय सांगितले ते 'स्मृतिचित्रे'त आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ते पुस्तक निघाले. ते हसत हसत लिहिलेले आहे, पण त्या हसण्यात टिळकांच्या रागास, लहरीपणास किंवा दातृत्वाच्या नावाखाली घर धुऊन काढण्यास सूट म्हणून कोठे दिलेली नाही. नवऱ्याच्या चुकांचा बोजा ती देवाच्या डोक्यावर ठेवीत नाही. आणि स्वतः ती ख्रिस्ती झाली ती कशी? टिळकांनी ओढून नेले म्हणून नव्हे. राहुरीच्या मुक्कामी तिने स्वतःशी विचार केला की, ही जात देवाने केली की माणसाने. माणसाने केली असे मनास पटले, आणि मग तिने कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पुढे अनाथ मुले तिच्या घरात वाढली. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' जिला अक्षरओळख लग्नानंतर झाली त्या बाईने पुरे केले. त्या घरात ईश्वराची इच्छा कोणी अधिक पाळली, हे ठरविण्याचा अधिकार मजकडे नाही. तथापि ती अधिक वेळा कोणी तोंडाने उच्चारली आणि अधिक वेळा कोणी चुलीपाशी निभावली, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

टिळकांच्याही पक्षी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९१७ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांसही जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले. सुरक्षित पगार असता तो सोडणे हे गेथशेमानेच्या जातीचे कृत्य होय. आमच्या मंडळ्यांत टिळकांची पदे नित्य गाइली जातात. त्या राजीनाम्याची आठवण मात्र कोणी फारशी काढीत नाही, आणि का काढीत नाही हेही उघड आहे.

राहता राहिली आमची तरुण मंडळी. माझ्याकडे विद्यार्थी येतात आणि मोठ्या निष्ठेने विचारतात, "सर, माझ्याविषयी प्रभूची योजना काय असेल, कसे ओळखावे?" अधिक चौकशी करावी तर योजना म्हणजे पुण्यात नोकरी, परदेशचा व्हिसा, किंवा अमुक मुलीचा होकार असे निघते. या मुलांस मी हसत नाही. मलाही त्या वयात तसेच वाटे. एवढेच सांगतो की, तुझ्याविषयी काय ते मला कळत नाही. परंतु तुझ्या वसतिगृहाच्या मागील झोपडीत जी पोर शाळा सोडून भांडी घासते तिच्याविषयी प्रभूची इच्छा काय आहे, हे तुला आणि मला दोघांनाही पुरते ठाऊक आहे. बहुतेक जण नमस्कार करून निघून जातात. दोघे-तिघे थांबले, हेही खोटे नाही.

"मग प्रार्थना कशाला करावयाची?" असे माझे एक वडीलधारे स्नेही मला रागाने विचारतात. तुमचे म्हणणे समाजसेवकाचे आहे, भक्ताचे नाही, असा त्यांचा आरोप. मी त्यांना म्हणतो, दादासाहेब, प्रार्थना सोडा असे मी कोठे म्हटले? उलट, ज्याला 'सर्व काही ठीकच आहे' असे वाटते त्याने प्रार्थना का करावी, हेच मला उमगत नाही. ज्याला जे आहे ते मान्य नाही, आणि जे नाही ते आणण्यास आपले हात अपुरे पडतात असे ज्याला दिसते, त्यालाच गुडघे टेकावे लागतात. यावर दादासाहेब काही बोलले नाहीत. पण पुढील रविवारी त्यांनी मला नमस्कार केला नाही.

महिन्याभराने मी त्या वस्तीवर पुन्हा गेलो. रस्त्यावर खडी पसरलेली होती ती तशीच होती. थडग्यावर कोणी तरी बाभळीच्या काट्या टाकून ठेविल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. म्हातारी ओसरीवर बसून मुलास बाटलीने दूध पाजीत होती. मी शब्दांची जुळवाजुळव करीत होतो. सांत्वनाची भाषा माझ्याजवळही एकच, आणि तिच्यावर तर मी वर सात पाने भरली आहेत. म्हातारीने मला बसावयास घोंगडी टाकली, चहा ठेवावयास सुनेला हाक मारिली, आणि मुलाच्या तोंडातील बाटली नीट करीत म्हणाली, "सर, तुमच्या कालेजात जीप हाय का?"